अठराची रेघ : कायद्यातला बालक आणि गावातला पोरगा

काही शब्द कायदा मोडीत काढतो, पण लोकांच्या तोंडून ते जात नाहीत. ‘रिमांड होम’ हा त्यांतला एक. १९४८ च्या मुंबई बालक अधिनियमात हा शब्द होता. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने त्याच्या जागी ‘निरीक्षणगृह’ आणले. तरी आजही आमच्या वर्धेकडे वांड पोराला आई दटावते ती ‘रिमांड होमात टाकीन’ असे म्हणूनच. निरीक्षणगृहात टाकीन, अशी धमकी मी कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

कायद्याच्या पदरी असलेल्या नावाचीही तीच गत. पोलीस ठाण्याच्या कागदावर ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असे लिहिलेले असते. वर्तमानपत्रात तोच मुलगा ‘अल्पवयीन आरोपी’ किंवा ‘बालगुन्हेगार’ होतो. गावात तो ‘चोट्टा’ असतो. एकाच पोराची ही तीन नावे. कोणते नाव त्याला चिकटते त्यावर त्याची पुढची चाळीस वर्षे ठरतात, असे मला या विषयाचे कागद वाचताना वारंवार जाणवत आले आहे.

मी वकील नाही. माझे पोटापाण्याचे काम छपाईचे. कायद्याच्या पुस्तिकांची प्रुफे तपासता तपासता कलमे डोळ्यांखालून जाऊ लागली, त्यांतून प्रश्न पडू लागले आणि गेली काही वर्षे फावल्या वेळात मी बाल न्यायाचे कायदे, नियम आणि निकाल जमवून वाचतो आहे. या लेखात मला एवढेच करायचे आहे : कायदा ‘बालक’ कोणाला म्हणतो, त्याने गुन्हा केला असे म्हटले गेल्यावर त्याचे पुढे काय होते, आणि हे सारे वर्ध्यासारख्या जिल्ह्यातल्या पोराच्या वाट्याला कसे येते, हे साध्या मराठीत मांडणे. साहित्याच्या वाचकांपुढे कायदा का, असे कोणी विचारील. पण हा कायदा मुळात शब्दांचा आहे. आरोपाची आणि दूषणाची भाषा मुलाच्या बाबतीत वापरायची नाही, हे त्याच्या मूलभूत तत्त्वांपैकी एक आहे. म्हणून ‘अटक’ नाही, ‘ताब्यात घेणे’. ‘खटला’ नाही, ‘चौकशी’. ‘शिक्षा’ नाही, ‘आदेश’.

दोन रेघा

आपल्या फौजदारी कायद्यात वयाच्या मुख्य रेघा दोन. पहिली सात वर्षांची. सात वर्षांखालच्या मुलाने काहीही केले तरी तो गुन्हा होत नाही. सात ते बारा या वयात, कृत्याचा अर्थ आणि परिणाम कळण्याइतकी समज मुलाला आलेली नव्हती असे दिसले, तर तोही गुन्हा होत नाही. भारतीय दंड संहितेतल्या ८२ व ८३ या कलमांत हे होते; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच २० व २१ या कलमांत आले आहे.

दुसरी रेघ अठराची. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा सध्याचा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. गुन्हा घडल्याच्या दिवशी ज्याला अठरा वर्षे पूर्ण झालेली नव्हती आणि ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे किंवा ज्याने तो केल्याचे आढळले आहे, तो विधिसंघर्षग्रस्त बालक. यातले ‘गुन्हा घडल्याच्या दिवशी’ हे शब्द महत्त्वाचे. पकडले त्या दिवशीचे वय धरायचे की कृत्याच्या दिवशीचे, यावर सर्वोच्च न्यायालयातही मतभेद झाले होते. २००० साली एका निकालात हजर केल्याचा दिवस धरला गेला. २००५ मध्ये प्रतापसिंह विरुद्ध झारखंड या प्रकरणात घटनापीठाने तो बदलून कृत्याचा दिवस कायम केला. त्यामुळे कृत्य सतराव्या वर्षी घडले आणि मुलगा पंचविसाव्या वर्षी सापडला, तरी त्याची चौकशी बालक म्हणूनच होते.

याच कायद्यात मुलांचा आणखी एक वर्ग आहे : ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’. अनाथ, टाकलेली, भीक मागायला लावलेली, कामाला जुंपलेली, अत्याचार झालेली मुले त्यात येतात व ती बालकल्याण समितीपुढे जातात. विधिसंघर्षग्रस्त मुले बाल न्याय मंडळापुढे जातात. कागदावर ही दोन दालने वेगळी. पण बापाने टाकलेला, शाळा सुटलेला, स्टेशनवर झोपणारा मुलगा मोबाईल चोरतो तेव्हा तो कोणत्या दालनातला? ज्या दारातून तो आत येईल त्या दालनातला, हे त्याचे प्रामाणिक उत्तर. मंडळाला असे मूल समितीकडे पाठवता येते, ही कायद्याने ठेवलेली मधली खिडकी आहे.

डोंगरीपासून इथवर

मराठी वाचकाला डोंगरीचा तुरुंग आगरकरांमुळे माहीत असतो. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर तिथे १०१ दिवस होते आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्याच उमरखाडीच्या आवारात पुढे मुलांसाठीचे गृह आले. मुंबईत १९२४ चा बालक अधिनियम झाला आणि १९२७ मध्ये बालकांच्या न्यायालयाची व चिल्ड्रन्स एड सोसायटीची सुरुवात झाली. सोसायटीच्या हाती हे आवार आले. तुरुंगाच्या भिंती तशाच ठेवून आत मुलांना ठेवायचे, ही आपल्या बाल न्यायाच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. पाटी बदलते, भिंत राहते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. १८५० च्या कायद्याने दहा ते अठरा वयाच्या मुलांना तुरुंगाऐवजी एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय झाली. १८७६ आणि १८९७ च्या कायद्यांनी सुधारशाळा आणल्या. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये असावीत अशी शिफारस केली, आणि मद्रास (१९२०), बंगाल (१९२२), मुंबई (१९२४) असे प्रांतागणिक कायदे झाले.

वर्धा तेव्हा मुंबईत नव्हता. आम्ही मध्यप्रांतात. मुंबईचा १९२४ चा कायदा इथे लागूच नव्हता. आमच्यासाठी मध्यप्रांताचा १९२८ चा बालक अधिनियम होता, आणि त्याच वर्षीचा बोर्स्टल कायदा. बोर्स्टल संस्था नरसिंहपूरला होती. वर्ध्याच्या एखाद्या पोराला तिकडे धाडायचे म्हणजे मराठी मुलखातून हिंदी मुलखात, घरच्यांना भेटायला जाणेही कठीण अशा ठिकाणी धाडणे. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मुलाने काय केले यापेक्षा तो कोणत्या सरहद्दीच्या अलीकडे जन्मला यावर त्याचे भवितव्य ठरावे, ही स्थिती देशभर होती.

विदर्भाच्या संदर्भात आणखी एक कायदा विसरता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या सुधारित कायद्याने त्या जमातींची मुले आईबापांपासून तोडून औद्योगिक किंवा सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. म्हणजे एका बाजूने ‘मूल अजाण असते’ म्हणणारा कायदा आणि दुसऱ्या बाजूने ‘हे मूल पाळण्यातच गुन्हेगार’ म्हणणारा कायदा, दोन्ही एकाच वेळी चालू होते. १९५२ मध्ये तो रद्द झाला. आमच्या जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. चोरी झाली की पहिली जीप कुठे वळते, हे इथल्या कोणालाही विचारा. कायदा सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी गेला; सवय गेली नाही.

देशभर एकच कायदा येण्यामागे एका मराठी पत्रकार स्त्रीचा हात आहे. शीला बारसे यांनी देशातल्या तुरुंगांत ठेवलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९८६ च्या आदेशांत न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले आणि सबंध देशासाठी एक कायदा हवा असे सुचवले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम संमत झाला. त्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बालक. १९९२ मध्ये भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आणि २००० च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांनाही अठराची रेघ लागू केली.

मग डिसेंबर २०१२ मधले दिल्लीचे प्रकरण घडले. सहा आरोपींपैकी एक सतरा वर्षांचा होता. त्याला कायद्यातली कमाल तीन वर्षे मिळाली. न्या. वर्मा समितीने वय खाली आणण्याची शिफारस केली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये सलील बाली प्रकरणात अठराची मर्यादा बदलण्यास नकार दिला. पण डिसेंबर २०१५ मध्ये तो मुलगा सुटला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेत नवा कायदा संमत झाला. अठराची रेघ कायम राहिली. मात्र सोळा ते अठरा या पट्ट्यात तिला एक फट पडली. तिच्याकडे पुढे येतो.

एक जूनला जन्मलेली मुले

सारे काही वयावर अवलंबून, तर वय ठरते कसे? कायद्याचा क्रम असा : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. या तपासणीतून नेमके वय निघत नाही. एखाद-दोन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात. सोळा आणि अठरा यांत अंतरच दोन वर्षांचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातला धोका कळतो.

ग्रामीण महाराष्ट्रात किती माणसांचा वाढदिवस १ जूनला किंवा १ जुलैला येतो ते पाहा. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी पोराच्या उंचीवरून वय धरले आणि सोयीची तारीख टाकली. दाखल-खारीज रजिस्टरात ती बसली की पुढे टीसीवर, आधारवर, सगळीकडे तीच. जुन्या माणसांसाठी आमच्याकडे कोतवाल बुकाची नक्कल काढतात. पण बेड्यावर जन्मलेल्या, शाळेत कधी नाव न घातलेल्या किंवा ऊसतोडीला, वीटभट्टीला जाऊन शाळा तुटलेल्या मुलाकडे यातले काहीच नसते. पोलीस विचारतात तेव्हा भीतीने तो ‘अठरा’ म्हणतो, आणि कागदावर तो सज्ञान होतो.

हे किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९९४ मध्ये पुण्यात एका कुटुंबातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुले यांचे खून झाले. अत्यंत क्रूर असे ते प्रकरण. त्यात एकाला सज्ञान समजून १९९८ मध्ये फाशी झाली. उच्च न्यायालयाने आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तो नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात होता. वय कमी असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयापुढे, कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करता येतो, अशी तरतूद कायद्यात आहे. तिच्या आधारे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीची तपासणी झाली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखाला या निकालात उत्तर नाही, हे खरेच. पण साडेबारा वर्षांच्या मुलाला आपण फासावर देणार होतो, आणि एका शाळेच्या रजिस्टरातल्या ओळीने ते टळले, हेही तितकेच खरे. निकालात त्याचे नाव आहे. मी ते इथे लिहीत नाही. कारण पुढे येईल.

सोन्याच्या कड्याची गोष्ट

मुलाला कायदा कसा हाताळतो हे सांगण्यासाठी मी सेवाग्रामच्या वाटेने जातो. गांधीजींनी आत्मकथेत सांगितले आहे की, पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातून एक तुकडा कापला. भावावर पंचवीसेक रुपयांचे कर्ज झाले होते, ते फेडायला. मग चिठ्ठी लिहून त्यांनी वडिलांपुढे कबुली दिली. समजा, आज असा पंधरा वर्षांचा मुलगा आहे आणि घरातल्या कोणी चिठ्ठीआधी पोलीस ठाणे गाठले. पुढे काय व्हायला हवे?

पहिली गोष्ट : केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांप्रमाणे त्याच्यावर प्रथम खबरी अहवाल नोंदवायचा नाही. तो फक्त निर्घृण गुन्ह्यात किंवा सज्ञानांबरोबर मिळून केलेल्या गुन्ह्यात नोंदवायचा. एरवी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद घ्यायची आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार करायचा. दुसरी : त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही, बेडी घालायची नाही. ताब्यात घेतले तर विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढे न्यायचे. आईवडिलांना आणि परिविक्षा अधिकाऱ्याला कळवायचे.

बाल न्याय मंडळ तीन जणांचे. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत किमान एक स्त्री. बसण्याची जागा न्यायालयासारखी दिसू नये, असे कायदाच सांगतो. मुलाला वकील मिळेल, भाषा कळत नसेल तर दुभाषा मिळेल, हे पाहणे मंडळाचे काम. पारधी बोली बोलणाऱ्या मुलाला हा दुभाषा किती वेळा मिळतो, हे वाचकांनी आपापल्या जिल्ह्यात विचारून पाहावे.

जामीन हा मुलाच्या बाबतीत नियम आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. तो नाकारायची कारणे तीनच : सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल. आणि एक बारीक पण मोलाची तरतूद आहे : जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत, तर त्या बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायचे. जामीनदार मिळत नाही म्हणून गरिबाचे पोर आत खितपत पडू नये, यासाठी ती आहे.

परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. घर, शाळा, मित्र, मिळकत, व्यसन, मारहाण असे सगळे त्यात यावे. माझ्या मते साऱ्या व्यवस्थेचा कणा हाच अहवाल. कोर्टात कृत्याची चौकशी होते. इथे मुलाची व्हायची आहे. अहवाल छापील रकान्यांत ‘परिस्थिती हलाखीची’ एवढेच भरून आला तर मंडळापुढे मूल नसते, नुसता गुन्हा असतो.

चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून. किरकोळ गुन्ह्याची चौकशी वाढीव मुदतीतही संपली नाही, तर ती बंदच होते. दोष आढळला तर मंडळ समज देऊन घरी पाठवू शकते, समुपदेशन किंवा सामाजिक सेवा सांगू शकते, पालकांना दंड करू शकते, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते किंवा जास्तीत जास्त तीन वर्षे विशेषगृहात ठेवू शकते. कड्याच्या तुकड्यासाठी बहुधा पहिलाच आदेश होईल : समज देऊन घरी. त्या घरातल्या वडिलांनी चिठ्ठी वाचली, डोळे पुसले आणि कागद फाडून टाकला. कायदा दीडशे पानांत जे करू पाहतो ते त्या बापाने काही मिनिटांत केले. फरक इतकाच की असा बाप प्रत्येकाला नसतो, म्हणून कायदा लागतो.

तीन कप्पे आणि एक फट

आता ती सोळा ते अठराची फट. २०१५ च्या कायद्याने गुन्ह्यांचे तीन कप्पे केले. ज्यात कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत, ते किरकोळ. तीन ते सात वर्षे, ते गंभीर. ज्यात किमान शिक्षाच सात वर्षे किंवा अधिक, ते निर्घृण. यात एक पोकळी राहिली होती : कमाल शिक्षा सातहून अधिक, पण किमान शिक्षा ठरवलेलीच नाही, असे गुन्हे कुठे? जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ‘गंभीर’ म्हटले आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आणले.

सोळा पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तरच मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते. कृत्य करण्याची त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम कळण्याची समज आणि परिस्थिती, हे पाहायचे. हा खटला नव्हे. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे, असे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मंडळाला वाटले तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाते. सज्ञान म्हणून खटला चालवायचा का, हे ते न्यायालय पुन्हा तपासते. तिथेही फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला तुरुंगात नव्हे, सुरक्षित जागी ठेवायचे.

हे कप्पे समजले की पुण्याच्या कल्याणीनगरचे प्रकरण समजते. १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. संताप उसळला तो रास्त होता. तीन दिवसांनी मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवले. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडले. सज्ञान म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली. सदोष मनुष्यवधाच्या कलमात किमान शिक्षा नाही. म्हणून तो ‘निर्घृण’ कप्प्यात बसणे अवघड.

याच्या शेजारी आमच्याकडचे नेहमीचे एक प्रकरण ठेवतो. सतरा वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी, एकाच गावचे, पळून जातात. मुलीचा बाप तक्रार देतो. संमतीचे वय अठरा असल्याने मुलीच्या ‘हो’ला कायद्यात किंमत नाही. शरीरसंबंध आला असेल तर पोक्सो कायद्याच्या चौथ्या कलमाखाली २०१९ पासून किमान शिक्षा दहा वर्षे. म्हणजे हा ‘निर्घृण’ गुन्हा, आणि या मुलाचे मूल्यांकन होणार. दोन माणसे मेली तो कप्पा गंभीर. दोन पोरे पळाली तो निर्घृण. कप्पे मुलाच्या मनावरून पाडलेले नाहीत, दंडसंहितेतल्या किमान शिक्षेच्या आकड्यावरून पाडले आहेत, त्याचा हा परिणाम.

म्हणून वय खाली आणा म्हणणाऱ्यांशी माझा वाद वेगळा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशभरात मुलांविरुद्ध ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली. ताब्यात घेतलेल्या चार मुलांत तीन तरी सोळा ते अठरा वयाची. रेघ सोळावर आणली तर ही तिन्ही मुले तुरुंगात, सराईतांच्या सोबतीत जातील. पुण्यात लोक चिडले ते कायदा सौम्य म्हणून. मला टोचले ते निराळे : जामीन, समुपदेशन, त्याच दिवशी मंडळापुढे हजेरी हे कायद्याने प्रत्येक मुलाला देऊ केलेले आहे. ते त्या मुलाला लगोलग मिळाले. बेड्यावरच्या मुलाला ते का मिळत नाही, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही.

दारूबंदीच्या जिल्ह्यात

वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. बंदी आहे म्हणून दारू नाही असे नाही. ती वाहून न्यावी लागते. आणि वाहून न्यायला पोरगा बरा पडतो. दप्तरात, सायकलीच्या पिशवीत, कोणाला संशय नाही. सापडला तर ‘लहान आहे, सुटते थो’ असा हिशेब. कायदा लहानाला सोडतो म्हणून मोठा त्याला पुढे करतो, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर त्याच कायद्यात आहे, फक्त ते वाचले जात नाही. दारू किंवा अमली पदार्थ विकायला, वाहायला मुलाला वापरणाऱ्या सज्ञानास ७८ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बेकायदा कामांसाठी मुलाला वापरल्यास ८३ व्या कलमाखाली सात वर्षे आणि पाच लाख. शिवाय सज्ञान आणि मूल यांची कारवाई एकत्र चालवता येत नाही. मुलाचे प्रकरण वेगळे काढावेच लागते. म्हणजे दप्तर धरले की दप्तर देणारा शोधणे हे पोलिसांचे काम ठरते. नोंद नुसती मुलावर होऊन थांबली, तर कायद्याचा निम्मा भाग आपण वापरलाच नाही.

पुसायची नोंद

आता त्या नावाबद्दल. ७४ व्या कलमाप्रमाणे विधिसंघर्षग्रस्त मुलाचे नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असे काहीही छापायचे वा प्रसारित करायचे नाही. सहा महिने कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे फक्त वर्तमानपत्रांना लागू आहे असे आपण समजतो. गावच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘हाच तो’ म्हणून पोराचा फोटो फिरवणाराही याच कलमात येतो.

२४ वे कलम याहून पुढे जाते. मंडळापुढे दोष आढळला तरी त्यामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. नियमांप्रमाणे नोंदी अपिलाची मुदत किंवा सात वर्षे जपून नंतर नष्ट करायच्या. अपवाद एकच : सोळा पूर्ण झालेला, ज्याला बाल न्यायालयाने सज्ञान म्हणून दोषी ठरवले तो. २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराची नेमणूक लहानपणच्या प्रकरणावरून रद्द झाली होती. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने असा जुना आरोप त्याच्या आड येऊ शकत नाही असे ठरवले. भरतीच्या अर्जात ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल होता का’ या रकान्यापाशी पेन अडलेली गावोगावची मुले मला दिसतात. त्यांना हा निकाल कोणी सांगितलेला नसतो.

याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम जन्माला आली. हाताला काम मिळाले की मन शिकते, असा तिचा विश्वास. विशेषगृहातल्या मुलाला धंदेशिक्षण द्यावे असे कायदा म्हणतो, तेव्हा तो नकळत त्याच वाटेवर येतो. पण शिकवलेले काम बाहेर उपयोगी पडायचे तर बाहेरच्यांनी त्याला काम द्यावे लागते. मंडळ त्याला समज देऊन घरी पाठवू शकते. घरी आल्यावर मुख्याध्यापकाने त्याचे नाव पुन्हा पटावर घ्यायचे की नाही, किराणावाल्याने त्याला गल्ल्याजवळ उभे करायचे की नाही, हे कोणत्याही कलमात लिहिता येत नाही.

सरकारी दप्तरातली नोंद सात वर्षांनी जाळता येते. गावाच्या तोंडातली नोंद जाळण्याचा नियम अजून कोणी केलेला नाही. तो आपणच करायचा आहे, आणि त्याची सुरुवात त्या पोराला त्याच्या नावाने हाक मारण्यापासून होते.